डाळ शिजेना, आळ मिठावर

‘मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही’ असं तमिळ घरांत सांगतात, आपल्याकडेही सांगतात. मीठ यात निर्दोष आहे. डाळ अडते ती चिंचेमुळे, आणि कधी बोअरच्या जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यामुळे. रोजच्या सांबाराचा क्रम हे ओळखूनच बसलेला आहे. डाळ साध्या पाण्यात शिजते, भाज्या चिंचेच्या पाण्यात, आणि दोघांची गाठ शेवटी पडते.

डाळीतलं स्टार्च ७०-७५ अंश सेल्सिअसच्या आसपास फुगतं, पण तेवढ्याने दाणा मऊ होत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजलेला दाणा बोटांत लोण्यासारखा पसरतो तेव्हा बहुतेक पेशी फुटलेल्या नसतात, नुसत्या सुट्या झालेल्या असतात. म्हणजे सगळा प्रश्न या डिंकाचा आहे. पेक्टिन ही गॅलॅक्टुरोनिक आम्लाच्या घटकांची लांब साखळी. बऱ्याच घटकांवर मिथाइल गट असतो. गरम पाण्यातला हायड्रॉक्साइड आयन अशा घटकाच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो आणि चौथ्या कार्बनपाशी साखळी तुटते. याला बीटा-विलोपन म्हणतात. चिंचेतल्या टार्टरिक आम्लाने हायड्रॉक्साइड आयन जवळजवळ संपतात. सामू (पीएच) ४ च्या आसपास साखळी तुटणं सर्वांत मंदावतं. अर्धवट शिजलेल्या डाळीत चिंच पडली, की मग तासभर उकळा, दाणा टचटचीतच राहतो. आपली आंबट आमटीही याच कारणाने बिघडते.

ज्या घटकांवर मिथाइल गट नाही तिथे ऋण भार असतो. जड पाण्यातला कॅल्शियम दोन धन भारांचा, म्हणून तो दोन साखळ्या एकमेकींना टाचून टाकतो. मिठातल्या सोडियमचा भार एकच. तो कॅल्शियमची जागा घेतो, पण टाचू शकत नाही. त्यामुळे भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर मदतच होते. जुनी डाळ हट्टी होते तिचंही एक कारण हेच: दमट उष्ण हवेत साठवणीत फायटिक आम्ल मोडतं आणि त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम पेक्टिनकडे जातात. बोअरचं पाणी उकळून, निवळून वरचं वापरलं तर काही कॅल्शियम तळाशी बसतो.

चौघांसाठी अर्धी वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवा. दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद, चमचाभर तेल घालून कुकरला लावा. शिट्टी आल्यावर मंद आचेवर ८-१० मिनिटं. तेलाने फेस कमी येतो आणि कुकरची वाफेची वाट तुंबत नाही. हा फेस म्हणजे ‘युरिक आम्ल’ असल्याचे संदेश फिरतात, ते धादांत खोटे आहेत. फेस सॅपोनिन (डाळीतला साबणासारखा फेसाळणारा पदार्थ) आणि प्रथिनांचा असतो. युरिक आम्ल आपल्या शरीरात प्युरिनपासून तयार होतं, कुकरमध्ये नाही.

लिंबाएवढी चिंच दोन वाट्या कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. त्यात शेवग्याच्या शेंगा, छोटे कांदे, भोपळा, मीठ आणि दोन चमचे सांबार पूड घालून उकळा. तमिळमध्ये ‘पच्चै वासनै’ म्हणतात तो कच्चा वास जाईपर्यंत, साधारण दहा मिनिटं. इथे तेच आम्ल कामाला येतं: भोपळ्याच्या फोडी विरघळत नाहीत. भेंडी आधी तेलात परतून घातली तर ती चिकटही होत नाही आणि अखंड राहते. बटाटा, गाजर मात्र आधी साध्या पाण्यात शिजवून घ्या, नाहीतर आंबट पाण्यात ते करकरीत राहतात.

शेवटी डाळ घोटून घाला आणि पाचच मिनिटं उकळा. वर मोहरी, चार मेथीदाणे, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी. डाळ कच्ची राहिल्याचं चिंच पडल्यावर कळलं, तर चिमूटभर सोडा टाकू नका. तो आधी चिंचेवरच खर्च होतो, आंबटपणा जातो, आणि जास्त पडला तर बी-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं. अशा वेळी डाळीचे दाणे गाळून मिक्सरमधून काढणं हाच उपाय.