अनेक खून करणारा अतिबुद्धिमान असतो का?

‘एकामागून एक खून करणारा विलक्षण बुद्धिमान असतो, म्हणूनच तो वर्षानुवर्षे सापडत नाही,’ असा समज दीर्घकाळ फिरत आहे. वस्तुतः अशा गुन्हेगारांची बुद्धिमत्ता बहुधा सर्वसाधारणच आढळते. तपास लांबतो तो मुख्यतः यामुळे, की खुनी आणि बळी यांची अनेकदा पूर्वओळख नसते, आणि नात्यागोत्यांतून संशयितापर्यंत नेणारी नेहमीची वाट तिथे बंद होते. त्यातच खून वेगवेगळ्या ठाण्यांच्या हद्दींत विखुरलेले असले, तर त्यांतील साम्य सहसा नजरेस येत नाही. आणि बळी बेघर असेल, तर तो नाहीसा झाल्याची तक्रारही (हे अधिक खेदजनक) अनेकदा उशिरा नोंदली जाते. पडताळणीसाठी अशा खटल्यांची निकालपत्रे वाचावीत: अटकेमागे कित्येकदा बचावलेल्या व्यक्तीची साक्ष किंवा वाहनाची साधी तपासणीच दिसते.