लाइव्ह एलपी

श्रोत्यांसमोर झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग विनाइलच्या लाँग प्ले तबकडीवर, म्हणजे एलपीवर, निघालं की ती लाइव्ह एलपी. विनाइलवेड्यांच्या 'तुमची आवडती कुठली' छाप गप्पांत सगळ्यात जास्त जुंपते ती हिच्यावरून, कारण नुसतं नाव सांगून सुटका नाही, रात्र कुठली, प्रेसिंग (तबकडीची छपाई) कुठलं, आणि त्यातलं खरोखर लाइव्ह किती, सगळं विचारतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. २९ जून १८८८ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हँडलच्या संगीताचं मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्डिंग झालं होतं, आणि १९०१ ते १९०३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन चालू प्रयोगातले तुकडे टिपत होते. पण ही विकायची रेकॉर्डिंग्ज नव्हती. शिवाय मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला तीन ते पाच मिनिटंच मावायची, त्यात मैफल काय बसणार! कोलंबियाने जून १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली, आणि मग जॅझवाल्या बेनी गुडमनचा १६ जानेवारी १९३८ चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम १९५० मध्ये बाजारात आला. सुरुवात इथून धरणं जास्त पटतं.

'किती लाइव्ह' या वादाचं हमखास उदाहरण म्हणजे जॅझ बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनचा न्यूपोर्ट महोत्सवातला अल्बम. ७ जुलै १९५६ च्या रात्री त्याच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली, पब्लिक वेडं झालं, पण पठ्ठ्या उभा होता व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकसमोर, त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर तो लांबून ऐकू येतो. एलपीचा बराच भाग तर नंतर स्टुडिओत परत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या. दोन्ही टेप जुळवून खरा कार्यक्रम १९९९ मध्ये बाहेर आला, तरी जुनी एलपीच भारी म्हणणारे आहेतच. गायक जॉनी कॅशच्या फॉल्सम तुरुंगातल्या रेकॉर्डिंगमध्येही (१९६८) खुनाच्या ओळीवर कैदी ओरडतात तो आवाज मागाहून घातलेला.

तबकडीची बाजू संपते, वाजवणारा थांबत नाही. पियानोवादक कीथ जॅरेटच्या कोलनच्या कार्यक्रमाचा (२४ जानेवारी १९७५) पहिला भाग २६ मिनिटांचा, तो कसाबसा एका बाजूत बसवला, दुसरा मात्र मधेच तोडावा लागला. एका बाजूवर जास्त कोंबायचं तर खाचा बारीक होतात आणि आवाज दबतो. ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडच्या फिलमोर ईस्टवाल्या डबल (दोन तबकड्यांच्या) अल्बममध्ये (१९७१) शेवटची अख्खी बाजू एकाच गाण्याला दिली आहे. चेंजरवर (एकामागून एक तबकड्या आपोआप लावणाऱ्या प्लेअरवर) वाजवायच्या काही डबल अल्बममध्ये तर पहिल्या बाजूच्या पाठीवर चौथी बाजू असते, नवखे हमखास गोंधळतात.

बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या चोरट्या तबकड्या, याही आहेतच. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या ओकलंडच्या कार्यक्रमाची चोरटी एलपी आली, आणि १९७० चा त्यांचा अधिकृत लाइव्ह अल्बम तिला उत्तर म्हणून काढला असं म्हणतात. द हू या बँडने त्याच वर्षी लीड्सचा अल्बम बूटलेगसारख्या साध्या कव्हरात काढला, गाणी फक्त सहा, आणि लेबलवर सूचना की खरखर आहे तशीच राहू द्या.