माद्रिद ते ग्रनाडा: स्पेनच्या जुन्या गावांमागचा ताजा इतिहास

माद्रिद, टोलेडो, कोर्दोबा, सेव्हिल, रोंडा, ग्रनाडा. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या स्पेनच्या सहलींत दक्षिणेचा टप्पा थोड्याफार फरकाने याच क्रमाने येतो. हा मार्ग जणू मध्ययुगापासून ठरलेला असावा, असं वाटतं. त्याचं आजचं रूप मात्र १९९२ मधलं आहे. त्या वर्षी सेव्हिलमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी एप्रिलमध्ये माद्रिद-सेव्हिल ही देशातली पहिली वेगवान रेल्वे सुरू झाली. स्पेनचे जुने रूळ १,६६८ मिलिमीटर रुंदीचे. नवा मार्ग त्या रुंदीचा न करता उर्वरित युरोपात चालणाऱ्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजचा करायचा, हे सरकारने १९८८ च्या अखेरीस ठरवलं. वाटेत कोर्दोबा होतं. माद्रिदहून पावणेदोन तासांत पोहोचता येऊ लागल्यावर ते मुक्कामाचं गाव न राहता अर्ध्या दिवसाचा थांबा झालं. ग्रनाडाला अशी गाडी मिळायला २०१९ उजाडलं.

जुनी गावं ‘दाखवण्यासारखी’ करण्याचं काम याच्याही ऐंशी वर्षं आधी सुरू झालं होतं. १९११ मध्ये राजाने पर्यटनासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. टोलेडोत एल ग्रेकोचं घर म्हणून जे संग्रहालय दाखवतात, ते त्याच वर्षीचं. चित्रकाराचं खरं घर तेव्हा उरलेलंच नव्हतं. त्याच परिसरातला एक जुना वाडा दुरुस्त करून, जुनं सामान मांडून ते उभं केलं गेलं. सेव्हिलच्या सांता क्रूझ मोहल्ल्यातले छोटे चौक, कारंजी आणि भिंतींवरच्या रंगीत फरशा पाहताना आपण मध्ययुगात शिरलो असं वाटतं. गल्ल्या जुन्याच आहेत, पण त्यांचं हे देखणेपण बरंचसं १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनाआधीच्या दोन दशकांत घडवलेलं आहे. त्याच शहरातला अर्धवर्तुळाकार प्लाझा दे एस्पान्या तर थेट त्या प्रदर्शनासाठीच बांधला. कोर्दोबातल्या फुलांच्या अंगणांची स्पर्धा १९२१ ची. १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात पहिलं ‘पारादोर’, म्हणजे सरकारी हॉटेल, उघडलं. पुढे जुने किल्ले, मठ आणि वाडे हॉटेलं करून वाचवायचे, हे सरकारी धोरणच बनलं. ग्रनाडात अल्हाम्ब्रा या मुस्लिम राजांच्या गडवजा राजवाड्याच्या आवारातल्या जुन्या मठातही १९४५ पासून पाहुणे उतरतात.

मध्ये यादवी युद्ध झालं. ते संपायच्या आधीच, १९३८ च्या उन्हाळ्यात, जनरल फ्रँकोच्या बंडखोर लष्करी पक्षाने परदेशी पाहुण्यांना बसमधून रणभूमी दाखवायच्या सहली सुरू केल्या होत्या. परकीय चलन हवं होतंच. त्याहून जास्त हवी होती मान्यता, आणि पाहुण्यांनी काय बघायचं व ते कुणाच्या तोंडून ऐकायचं यावरचा ताबा. युद्धानंतर तीच राजवट साडेतीन दशकं टिकली. १९५१ मध्ये तिने माहिती आणि पर्यटन असं एकच मंत्रालय काढलं. प्रचार, सेन्सॉरशिप आणि पर्यटन एकाच छताखाली आले. १९५९ च्या आर्थिक योजनेत पेसेता या तेव्हाच्या स्पॅनिश चलनाचं अवमूल्यन करून डॉलरला ६० असा दर ठरला आणि उत्तर युरोपातल्या नोकरदारांना स्पेन एकदम स्वस्त झालं. १९६० मध्ये सुमारे ६० लाख परदेशी आले, १९७३ मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख. बहुतेकांना समुद्रकिनारा हवा होता. पण पोस्टरवर ‘स्पेन इज डिफरन्ट’ या वाक्याच्या शेजारी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, फ्लामेन्को नाच आणि पांढरी गावं असत. कॅथलिक एकात्मतेवर उभी असलेली राजवट जाहिरातीत मुस्लिम स्थापत्य वापरत होती. कोर्दोबाचा आजचा वाद समजायला ही विसंगती लक्षात ठेवावी लागते.

मेस्किता, म्हणजे कोर्दोबाची जुनी मशीद, कोणी, कधी बांधली आणि कशी वाढवली, हे कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मिळतं. आठव्या शतकाच्या अखेरीपासून दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काम चाललं. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं. वास्तू मात्र जवळजवळ होती तशी राहिली. पुढची तीन शतकं आत छोटी प्रार्थनास्थळं बांधली गेली, पण खांबांचं रान फारसं मोडलं नाही. १५२३ मध्ये बिशपने मधोमध नवं चर्च उभारायचा घाट घातला, तेव्हा विरोध झाला तो कोर्दोबाच्या नगरपरिषदेकडून. कामाला जो गवंडी वा सुतार हात लावेल त्याला देहदंड, इतकी टोकाची धमकी तिने दिली. प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेलं आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. काम १६०७ पर्यंत चाललं. ‘तुम्ही जगात एकमेव असलेली गोष्ट मोडून कुठेही असणारी गोष्ट बांधलीत’ हे सम्राटाचे पश्चात्तापाचे उद्गार म्हणून गाइड हमखास सांगतात. ते त्याच्या नावावर मागाहून चिकटले आहेत, आणि त्यांच्यामुळे त्या नगरपरिषदेचं धाडस झाकलं जातं याचं वाईट वाटतं. इमारत मोडू नका, असं म्हणणारे कोर्दोबाचेच ख्रिस्ती रहिवासी होते.

पाचशे वर्षांनी वाद फिरून आला तो मालकीच्या रूपात. मार्च २००६ मध्ये स्थानिक धर्मप्रांताने ही संपूर्ण वास्तू मालमत्ता नोंदणी कार्यालयात स्वतःच्या नावावर करून घेतली. खर्च आला सुमारे ३० युरो. गाजावाजा झाला नाही, शहराला ते पुढे काही वर्षांनी कळलं. यामागे १९४६ चा मालमत्ता नोंदणीविषयक कायदा होता. लेखी दस्तऐवज नसलेली मालमत्ता सरकारी संस्थांना स्वतःच्या दाखल्यावर नोंदवता येई, आणि त्यांच्याच पंगतीला कॅथलिक चर्चला बसवलं होतं. म्हणजे बिशपचा दाखला पुरेसा. कायदा त्याच राजवटीतला, जी पोस्टरवर कमानी छापत होती. तरीही प्रत्यक्ष उपासनेच्या इमारती या नोंदणीतून बाहेर होत्या, कारण त्या कुणाच्या नावावर असण्याची गरजच नाही, असं मानलं जाई. १९९८ मध्ये तेव्हाच्या सरकारने एका हुकमाने नियम बदलला आणि तो अडसर निघाला. २०१५ मध्ये कायदा दुरुस्त होऊन ही सवलत संपली, पण आधीच्या नोंदी तशाच राहिल्या. २०२१ मध्ये सरकारने यादी प्रसिद्ध केली, तेव्हा १९९८ ते २०१५ या काळात चर्चने नोंदवलेल्या मालमत्ता सुमारे ३५ हजार निघाल्या. त्यात चर्च होती, तशी घरं, शेतं आणि मोकळ्या जागाही होत्या.

चर्चचं म्हणणं असं, की १२३६ मध्ये राजाने वास्तू चर्चला दिली, तेव्हापासून अखंड ताबा आहे, उपासना चालू आहे आणि देखभालही चर्चनेच केली. नोंदणीने नवं काही मिळालं नाही, असलेलंच कागदावर आलं. विरोधकांच्या मते राजाने वापर दिला, मालकी नाही, आणि अशी वास्तू सार्वजनिकच असते. महापालिकेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही २०१८ मध्ये चर्चच्या मालकीला आधार नसल्याचाच निष्कर्ष काढला. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून जमिनीचा मालकीहक्क आपोआप सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे गावोगावी माहीत असतं. तिथेही नोंद म्हणजे गृहीतक, आणि ते खोडायचं तर कोर्टात जावं लागतं. ती वाट कुठल्याही सरकारने धरली नाही. ८५० हून अधिक खांबांची, १८८२ पासून राष्ट्रीय स्मारक असलेली आणि १९८४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली वास्तू एका संस्थेच्या एकतर्फी दाखल्यावर नोंदली जावी, हे मला पटत नाही. उपासना थांबवा, असं त्यामुळे कुणी म्हणत नाही. पण वर्षाला वीस लाखांच्या घरात लोक येतात, तिकिटांचं उत्पन्न चर्चच्या हाती जातं आणि इतिहास कसा सांगायचा हेही तिथेच ठरतं.

नावाचा गोंधळ यातूनच आला. ऐंशीच्या दशकात पाहुण्यांना मिळणाऱ्या माहितीपत्रकांवर ‘मेस्किता-कॅथेड्रल’ होतं. १९९८ नंतर ‘मेस्किता’ हा शब्द मागे सरकत गेला, मग जवळजवळ गायबच झाला. २०१४ मध्ये त्याविरुद्ध लाखो सह्यांचं निवेदन निघालं. २०१६ मध्ये जुना जोडशब्द पत्रकांवर परतला. नोंदणी तशीच राहिली.

ऑगस्ट २०२५ मध्ये रात्री आतल्या यांत्रिक झाडूला लागलेली आग एका छोट्या प्रार्थनास्थळाचं छप्पर घेऊन गेली. काही तासांत ती आटोक्यात आली, बाकी वास्तू वाचली. अशा ठिकाणी विजेवर चालणारी यंत्रं कुठे ठेवायची, ही तपासणी नक्की कुणी करायची, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला.

वाटेतल्या देखाव्याचंही थोडं जुन्या गावांसारखंच, वाटतो तितका तो जुना नाही. कोर्दोबाकडून ग्रनाडाला जाताना हायेन प्रांताच्या टेकड्यांवर क्षितिजापर्यंत रांगेत ऑलिव्ह दिसतात. त्या एका प्रांतात सहा कोटींहून अधिक झाडं आहेत. ऑलिव्ह इथे रोमन काळापासून आहे, पण दुसऱ्या पिकाला जागाच न ठेवणारी ही सलग लागवड गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत वाढली, आणि १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर अनुदानांनी तिला आणखी जोर दिला. रोंडाच्या दरीवरचा सुमारे शंभर मीटर उंचीचा पूलही १७९३ चा, मूरांच्या, म्हणजे मुस्लिम राजवटीच्या, काळातला नव्हे.

ग्रनाडात मालकीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला. अल्हाम्ब्रा राजघराण्याची मालमत्ता होती. १८६८ च्या क्रांतीनंतर ती राज्याकडे आली आणि १८७० मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली. आज सार्वजनिक विश्वस्त मंडळ ती सांभाळतं आणि तिकिटाचा पैसा जतनाला लागतो. तिथला वाद गर्दीचा आहे. दिवसाला किती लोक सोडायचे याची मर्यादा आहे, आतल्या नस्र राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली तर प्रवेश मिळत नाही. तिकीट नावावर निघतं, म्हणून दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. सहलीच्या तारखा ठरल्या की आधी हे तिकीट काढावं, विमानाचं नंतर.