जपानी साहित्य : प्रकार आणि इतिहास

जपानी साहित्याचा लिखित इतिहास साधारण १३०० वर्षांचा आहे. तो राजवटी आणि सालं पाठ करून वाचण्यापेक्षा एका प्रकारातून दुसरा कसा फुटला या अंगाने वाचला तर जास्त चांगला कळतो, कारण इथे जुना प्रकार संपला असं वाटतं तोवर त्याचाच एखादा तुकडा सुटा होऊन वेगळं आयुष्य जगायला लागलेला असतो.

कोजिकी (इ.स. ७१२) आणि निहोन शोकी (७२०) ही सगळ्यात जुनी पुस्तकं, देवांच्या कथा आणि राजवंशाच्या नोंदी. स्वतःची लिपी नव्हती म्हणून चिनी अक्षरांतच लिहायचे. पण साहित्य म्हणून जीव लावावा असा पहिला ग्रंथ म्हणजे मान्योशू, ८व्या शतकातला २० भागांचा संग्रह, जवळपास ४५०० कविता, आणि त्यात सम्राट आहेत तसे सरहद्दीवर पाठवलेले साधे सैनिकही आहेत. लांबलचक चोका त्यात २६० च्या आसपासच, बाकी बहुतेक सगळ्या तांका, म्हणजे ५-७-५-७-७ अशा ३१ मात्रांच्या. पुढे चोका मागे पडली आणि तांका आजपर्यंत टिकली.

९व्या शतकात काना ही उच्चारांप्रमाणे लिहायची लिपी आली आणि सगळं बदललं. दरबारातले पुरुष कामकाज आणि विद्वत्ता चिनीत करायचे, काना बायकांची समजली जायची, त्यामुळे बोलत्या जपानीतलं उत्तम गद्य बायकांच्या हातून लिहिलं गेलं. गंमत म्हणजे या गद्यातल्या डायरी प्रकाराची, निक्कीची, सुरुवातीची मोठी कृती एका पुरुषाची आहे: कि नो त्सुरायुकी हा सरकारी अधिकारी तोसा प्रांतातली नेमणूक संपवून क्योतोला परतला तो प्रवास त्याने ९३५ च्या सुमारास एका बाईच्या आवाजात लिहिला, आणि त्या प्रवासवर्णनात तोसामध्ये वारलेल्या मुलीचं दुःख पुन्हा पुन्हा वर येत राहतं. त्यानंतरच्या कागेरो निक्कीत एक बाई आपल्या बाहेरख्याली नवऱ्याबद्दल इतकं उघड लिहिते की हजार वर्षांपूर्वीचं वाटत नाही. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, ‘मिचित्सुनाची आई’ एवढीच तिची ओळख राहिली आहे. ११व्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबूने गेंजी मोनोगातारी लिहिली, ५४ प्रकरणं आणि मध्ये मध्ये जवळपास ८०० तांका, म्हणजे कादंबरीतली माणसं मनातलं बोलायची वेळ आली की कवितेत बोलतात! त्याच काळात सेई शोनागोनची माकुरा नो सोशी, आवडीनिवडी, याद्या, दरबारातले किस्से. नवीन वाचकाने गेंजीच्या आधी हे पुस्तक घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कुठलंही पान उघडून वाचता येतं.

मग सत्ता सामुराईंकडे गेली. हेइके मोनोगातारी हे युद्धकाव्य अंध गायक बिवा हे तंतुवाद्य वाजवत गात फिरायचे आणि त्यातल्याच कथा पुढे नाटककार झेआमीने नोह या मुखवट्यांच्या नाटकात घेतल्या.

इकडे तांकाचे दोन तुकडे झाले. एकाने ५-७-५ म्हणायचं, दुसऱ्याने ७-७ जोडायचं, तिसऱ्याने पुन्हा ५-७-५, अशी बैठकीत रचली जाणारी साखळी म्हणजे रेंगा. तिची पहिली कडी, होक्कू, हिच्यात ऋतूचा उल्लेख हवाच. पुढे थोडी मोकळी, रोजच्या भाषेतली हाइकाइ आली आणि कवी बाशोने (१६४४–१६९४) तिला खोली दिली. १६८९ मध्ये तो सोरा या शिष्याबरोबर उत्तरेकडे पायी निघाला, त्या प्रवासाचं ओकु नो होसोमिची हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७०२ मध्ये छापून आलं, त्यात निक्की आणि होक्कू दोन्ही एकत्र आहेत. होक्कूला साखळीतून कायमची सोडवून हायकू म्हणून उभी केली ती मासाओका शिकीने, १८९० च्या दशकात, क्षयाने आजारी असताना. मराठीत हा प्रकार शिरीष पै यांनी रुजवला, पण आपला हायकू तीन ओळी पाळतो, १७ मात्रा मोजत बसत नाही.

एदो काळात (१६०३–१८६८) शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी साइकाकूने कादंबऱ्या आणि चिकामात्सूने बाहुलीनाट्यं लिहिली, त्याचं सोनेझाकी शिंजू (१७०३) हे प्रेमी जोडप्याच्या खऱ्या आत्महत्येवर आहे.

१८६८ नंतर युरोपियन कादंबरी आली तरी निक्कीचा स्वभाव सुटला नाही. लेखकाने स्वतःचंच आयुष्य उघडं करायचं हा वाताकुशी शोसेत्सू नावाचा प्रकार तायामा काताइच्या फुतोन या लघुकादंबरीपासून (१९०७) जोरात आला. सोसेकीची कोकोरो ही कादंबरी (१९१४) या प्रकारात बसत नाही, पण तिचा अर्धा भाग एका माणसाचं कबुलीपत्र आहे. १९६८ चं साहित्याचं नोबेल यासुनारी कावाबाताला मिळालं आणि १९९४ चं केंझाबुरो ओएला, ज्याने मेंदूत दोष घेऊन जन्मलेल्या आपल्या मुलाला आपल्या लेखनात आयुष्यभर जागा दिली.