महामारी आणि स्थानिक बेरोजगारीचा आकडा: पार्श्वभूमी

एखाद्या जिल्ह्याचा बेरोजगारीचा दर वाचला की वाटते, तिथल्या बेरोजगारांची कुणीतरी मोजणी केली असणार. अशी मोजणी सहसा होत नाही. देशाचा दर घरोघरी केलेल्या नमुना पाहणीतून निघतो. त्या पाहणीत एकेका जिल्ह्याच्या वाट्याला इतकी थोडी घरे येतात की केवळ त्यांच्या उत्तरांवर काढलेला दर दर महिन्याला विनाकारण वरखाली होईल. म्हणून स्थानिक आकडा पाहणी, बेरोजगार भत्त्यासाठी आलेले अर्ज आणि मागील वर्षांची आकडेवारी यांची सांगड घालून बांधावा लागतो. 2020 साली कोरोनाच्या महामारीत हे तिन्ही आधार एकदम डळमळले.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत घडली. महामंदीच्या काळात देशात नेमके किती लोक बेकार आहेत, हे तिथल्या सरकारलाही खात्रीने सांगता येत नव्हते. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर राज्याराज्यांत बेरोजगारी विमा रुजला आणि भत्ता मागणाऱ्यांच्या नोंदी हाती येऊ लागल्या. 1940 साली मासिक नमुना पाहणी सुरू झाली. पुढे 1960 मध्ये स्थानिक अंदाज कसा काढायचा याची एक पुस्तिका निघाली. तिची रीत साधी होती: त्या भागातले विमाधारक अर्जदार घ्यायचे आणि विम्याच्या कक्षेबाहेरचे, म्हणजे प्रथमच काम शोधणारे किंवा खंडानंतर परतणारे, त्यांत अंदाजाने मिळवायचे. 1972 साली ही जबाबदारी अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाकडे आली. 1973 च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याने तर स्थानिक दरावर केंद्राचा निधी वाटायला सुरुवात झाली. तेव्हापासून या आकड्यातली चूक थेट कुणाच्या तरी वाट्याला येते, आणि म्हणूनच तो कसा बनतो हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते.

महामारीत पहिला तडा गेला तो वेळेच्या हिशेबाला. अमेरिकेची पाहणी साधारणपणे महिन्याची 12 तारीख ज्यात येते त्या आठवड्याबद्दल विचारते. मार्च 2020 मध्ये तो आठवडा बहुतेक टाळेबंदीच्या आधीचा निघाला, त्यामुळे त्या महिन्याचा दर 4.4 टक्क्यांवरच राहिला. प्रत्यक्षात 21 मार्चला संपलेल्या आठवड्यातच सुमारे 33 लाख नवे अर्ज आले होते.

एप्रिलचा दर 14.7 टक्के जाहीर झाला, पण तोही कमीच होता. आजाराच्या भीतीने घरभेटी थांबल्या होत्या आणि प्रतिसादाचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांवर घसरले होते. त्यातच कामावरून तात्पुरते घरी बसवलेल्या अनेकांची नोंद ‘नोकरी आहे, पण गैरहजर’ अशी झाली. त्यांना बेरोजगारांत धरले असते तर दर जवळजवळ 5 टक्के-अंकांनी वाढला असता, असे विभागाने स्वतःच सांगितले.

व्याख्येची अडचण तर जगभर होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकटीत 1982 मध्ये ठरलेल्या व्याख्येनुसार बेरोजगार म्हणजे काम नसलेला, कामास तयार असलेला आणि काम शोधणारा माणूस. दुकाने, कारखाने, वाहतूक सारे बंद असताना काम शोधायचे कुठे? न शोधणारा माणूस श्रमबलाबाहेर, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या गणनेबाहेर, धरला जातो. काम गमावूनही तो बेरोजगारांच्या यादीतून गळतो. ज्या भागात निर्बंध अधिक कडक, तिथे ही गळती अधिक होण्याचा धोका होता.

मग अर्जांच्या नोंदींवर विसंबावे तर त्या फुगलेल्या होत्या. अमेरिकेत स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी नवी मदत योजना आली. एकाच माणसाचे मागील अनेक आठवड्यांचे दावे स्वतंत्रपणे मोजले गेले, कार्यालयांत अर्ज तुंबले आणि बनावट अर्जही आले. ब्रिटनमध्ये भत्तेदारांची संख्या एप्रिल 2020 मध्ये सुमारे 21 लाखांवर गेली, पण बेरोजगारीचा दर 4 टक्क्यांच्या आसपासच राहिला. तिथे सरकार पगाराचा 80 टक्क्यांपर्यंतचा भार उचलत होते, त्यामुळे घरी बसलेले कामगारही नोकरीत धरले गेले. शिवाय उत्पन्न घटलेल्या नोकरदारांनाही भत्ता मिळू शकत होता. शहराशहराची तुलना याच भत्तेदारांच्या आकड्यांवरून होत असल्याने ती फार जपून वाचावी लागली.

तिसरा आधार भूतकाळाचा. राज्यांच्या अंदाजांसाठी 1989 पासून वापरात आलेली गणिती प्रारूपे (मॉडेल) बदल हळूहळू होतो असे धरून चालतात. अचानक आलेली उसळी त्यांना पाहणीतला योगायोगाचा चढउतार वाटते आणि ती सपाट केली जाते. शेवटी संख्याशास्त्रज्ञांना ‘इथे पातळीच बदलली’ असे प्रारूपाला वेगळे सांगावे लागले आणि पुढे आकडे सुधारून घ्यावे लागले.

भारतात यांपैकी एक आधार मुळातच दुबळा आहे. बेरोजगार भत्त्याची सर्वव्यापी व्यवस्था नसल्याने जिल्हावार अर्जांची भरवशाची नोंद नाही. 2017 साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीचे क्षेत्रकाम 18 मार्च 2020 पासून थांबले आणि जूनमध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे मजूर पायी गावाकडे निघाले होते तेव्हा सरकारी पाहणीतले लोक दारोदार जात नव्हते. शहरातून गावी पोहोचलेला तो मजूर कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात धरायचा, हा प्रश्न मला दराइतकाच मोठा वाटतो, कारण पाहणी घरागणिक होते आणि त्याचे घर कोणते, हेच ठरलेले नव्हते. जानेवारी 2025 पासून या पाहणीची रचना बदलली: आकडे दरमहा येऊ लागले आणि नमुना निवडताना बहुतांश ठिकाणी जिल्हा हा मूळ घटक धरला गेला.