कुडा नेमका कोणता?

पावसाचं पहिलं गढूळ पाणी विहिरीत उतरलं की कोकणात पोटं बिघडायची. मग घरातली म्हातारी सहाण काढायची, कुड्याचं पाळ (मूळ) ताकात चार-सहा वेढे उगाळायची आणि ते गंध पोराच्या जिभेला चाटवायची. इतकं कडू, की पोर घर डोक्यावर घ्यायचं. पाळ आणून द्यायचा वैदू. उगाळणं कुणालाही जमतं, झाड ओळखण्यात खरी मेख.

कारण रानात कुडे दोन, पांढरा आणि काळा; या औषधाला लागतो तो पांढरा. फुलं दोघांची पांढरी, चीक पांढरा, शेंगाही दोघांच्या जोडीनं लोंबणाऱ्या. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाला सुट्या राहतात. काळ्या कुड्याच्या मात्र कोवळेपणी टोकाशी चिकटलेल्या, चिमट्यासारख्या. शेंगांवरून कळलं नाही तर बी चावून बघायचं. पांढऱ्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे गोड.

ही जिभेची परीक्षा रसायनशास्त्रालाही पटणारी आहे. वनस्पतींतली बरीचशी अल्कलॉइडं (नायट्रोजन असलेली नैसर्गिक द्रव्यं) कडू लागतात आणि पांढऱ्या कुड्याची साल, बिया त्यांनी भरलेल्या असतात. त्यांतलं मुख्य कोनेसिन. हेन्स नावाच्या संशोधकानं ते 1858 साली सालीतून वेगळं काढलं. आंवेला कारण होणाऱ्या अमीबाला ते मारतं, म्हणून पुढे शुद्ध कोनेसिन रोग्यांना देऊनही पाहिलं. पण झोप उडणं, चक्कर, अस्वस्थपणा असे मेंदूवरचे परिणाम दिसले आणि ते मागं पडलं. सहाणेवरच्या चार वेढ्यांत किती कोनेसिन उतरतं, हे मात्र पाळ कोवळं की जून, ओलं की सुकं यावर ठरणार. वैद्यकाला हाच भाग खुपतो, आणि माझ्या मते रास्तच खुपतो. शिवाय सगळेच जुलाब अमीबाचे नसतात. विषाणूच्या जुलाबात पोर दगावतं ते अंगातलं पाणी आटून. तिथं आधी मीठ-साखरेचं पाणी, पाळ नव्हे.

साल काढायचीही रीत असते. जाणता वैदू खोडाच्या एकाच अंगाची पट्टी सोलतो. सभोवार सोलली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचतच नाही आणि झाड वाळतं. बाजारासाठी पोती भरणाऱ्याला एवढी सवड कुठली! त्याच्या पोत्यात दोन्ही कुड्यांच्या साली मिसळलेल्या निघाल्या तर नवल नाही. सुकल्यावर त्या डोळ्यांना वेगळ्या ओळखू येत नाहीत. प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शक लावते. आमच्याकडचा वैदू कपचा मोडून दाढेखाली धरायचा, तोंड वाकडं झालं की थुंकायचा आणि म्हणायचा, “हां, हाच.”