वीटकाम : वेळ व मजुरीचा अंदाज

विटांची भिंत बांधायला किती माणसे लागतील, ती किती दिवस अडकतील आणि त्यांच्या मजुरीवर किती खर्च होईल, हे काम सुरू होण्याआधी हिशोबाने ठरवणे म्हणजे वीटकामाचा मजुरी-अंदाज. विटा, वाळू आणि सिमेंट यांचे प्रमाण भूमितीतून निघते. माणसाच्या दिवसभराच्या कामाचे मात्र तसे नसते. त्यामुळे बांधकामाच्या अंदाजपत्रकात साहित्याचा रकाना सहसा फारसा चुकत नाही, चुकतो तो मजुरीचा.

हिशोबाची सुरुवात मापांपासून होते. १९० × ९० × ९० मिमी मापाच्या विटेला १० मिमी सांधा धरला, तर एक वीट २०० × १०० × १०० मिमी जागा व्यापते. एका घनमीटरला म्हणून ५०० विटा लागतात. ब्रिटनमधील प्रमाणित वीट २१५ × १०२.५ × ६५ मिमी असते. तिच्या अर्ध्या विटेच्या (म्हणजे विटेच्या रुंदीएवढ्या जाड) भिंतीला चौरस मीटरमागे सुमारे ६० विटा लागतात. तुटफूट आणि छाटणीसाठी साधारण ५ टक्के जास्त विटा धरतात. जाड भिंतींचे माप घनमीटर, घनफूट किंवा ब्रासमध्ये (१०० घनफूट) घेतात, अर्ध्या विटेच्या पडद्या (पातळ आडभिंती) मात्र चौरस मापात मोजतात.

पुढचा प्रश्न गवंड्याच्या उरकाचा, म्हणजे एका पाळीत होणाऱ्या कामाचा. अंदाजपत्रकाच्या पाठ्यपुस्तकांत आठ तासांच्या पाळीसाठी नेहमी दिसणारे आकडे असे : पाया आणि जोत्यात १.२५ घनमीटर, जोत्यावरच्या भिंतीत १ घनमीटर, अर्ध्या विटेच्या पडदीत ५ चौरस मीटर. हे आकडे नुसते वाचून सोडण्यासारखे नाहीत. २०० मिमी जाडीच्या भिंतीचा १ घनमीटर म्हणजे ५ चौरस मीटर भिंत आणि ५०० विटा. पडदीच्या ५ चौरस मीटरला जेमतेम २५० विटा लागतात. म्हणजे तोच गवंडी पातळ भिंतीत निम्म्याच विटा लावतो, पण तेवढेच क्षेत्र चढवतो. त्याचे कारण असे की दोरी ताणणे, ओळंबा धरणे, लेव्हल पाहणे, कोपरा सांभाळणे हे सारे श्रम भिंतीच्या जाडीला नसून तिच्या तोंडाला, म्हणजे दिसणाऱ्या बाजूला, लागतात. जाड भिंतीच्या आतल्या विटेला कोणी ओळंबा लावत नाही. पायाच्या कामात उरक जास्त धरतात, कारण तिथे परांची नाही, चौकटी नाहीत आणि बांधकाम पुढे मातीखाली जाणार असल्याने सफाईचा आग्रहही कमी. ‘गवंडी दिवसाला किती विटा लावतो?’ या प्रश्नाला भिंतीचा प्रकार सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

हाच मुद्दा ब्लॉकलाही लागू पडतो. ६०० × २०० × २०० मिमीचा हलका काँक्रीट ब्लॉक वरच्या हिशोबातल्या सुमारे १२ विटांची जागा घेतो. त्यामुळे दोन्हींचा उरक नगांवर ताडून पाहणे फसवे ठरते.

आठ तासांत ५०० विटा म्हणजे मिनिटाला साधारण एक वीट. वीट उचलून, माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण) पसरून ती बसवायला एवढा वेळ लागत नाही. उरलेला वेळ माल आणि विटांची वाट पाहण्यात, वाकण्यात, वीट फिरवून चांगले तोंड शोधण्यात आणि छाटणीत जातो. अमेरिकन फ्रँक गिलब्रेथ (१८६८–१९२४) यांनी वयाच्या सतराव्या वर्षी वीटकामाची उमेदवारी सुरू केली आणि पुढे याच वाया जाणाऱ्या वेळाचा अभ्यास केला. त्यांनी भिंतीबरोबर वर सरकवता येणारी परांची वापरली, म्हणजे गवंड्याला प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकावे लागेना. विटा आधीच निवडून, तोंड बाहेर करून चौकटीत रचून देण्याची सोय केली. माल इतका योग्य पातळ ठेवला, की थापीने ठोकून वीट बसवण्याची गरज उरली नाही. एका विटेमागच्या १८ हालचाली सुमारे पाचवर आल्या आणि तासाला १२० विटांच्या जागी ३५० विटांचा उरक मिळाल्याची नोंद आहे. हा आकडा अंदाजपत्रकात धरायचा नाही. त्यातली एक गोष्ट मात्र धरावीच : विटा निवडण्याचे आणि रचण्याचे काम नाहीसे झाले नव्हते, ते कमी मजुरीच्या माणसाकडे गेले होते.

बिगाऱ्यांची संख्या म्हणूनच गवंड्याच्या उरकाइतकीच निर्णायक असते. एक घनमीटर वीटकाम साधारण दोन टन वजनाचे. हे सगळे वजन कोणीतरी घमेल्याने किंवा पाट्यांनी भिंतीपर्यंत आणि मग परांचीवर पोचवायचे असते. जमिनीलगत गवंड्यामागे एक बिगारी पुरतो. माल हाताने कालवायचा असेल किंवा विटांचा ढीग लांब असेल तर दीड-दोन लागतात. मजला चढेल तसे हे प्रमाण आणखी वाढते. बिगारी वाचवून गवंडी बसवून ठेवणे ही नवख्या ठेकेदाराची ठरलेली चूक. स्वस्त हात वाचतो, महाग हात रिकामा राहतो.

एक उदाहरण घेऊ. १० मीटर लांब, ३ मीटर उंच आणि २०० मिमी जाड भिंतीत १ × २.१ मीटरचे दार व १.५ × १.२ मीटरची खिडकी आहे. क्षेत्र ३० − २.१ − १.८ = २६.१ चौरस मीटर, घनफळ ५.२२ घनमीटर. विटा २,६१०, तुटफुटीसह सुमारे २,७४०. दोन गवंडी आणि तीन बिगारी लावले आणि उरक गवंड्यामागे दिवसाला एक घनमीटरचा धरला, तर काम २.६१ दिवसांचे. गवंड्याची रोजची मजुरी १ आणि बिगाऱ्याची ०.६ मानली, तर या जथ्याचा दिवसाचा खर्च ३.८ आणि एकूण खर्च ९.९२, म्हणजे जवळपास दहा गवंडी-रोज. पण परांची बांधायला आणि आखणीला वेळ जातो, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपले तरी हजेरी पूर्ण दिवसाची लागते. तीन दिवस धरले की खर्च ११.४ होतो, म्हणजे १५ टक्क्यांनी जास्त. कागदावरचा उरक आणि हजेरीवहीतला खर्च यांच्यातली तफावत बहुधा अशीच पडते. लहान कामाचा घनमीटरमागचा दर मोठ्या कामापेक्षा चढा असण्याचे एक कारण हेच.

घाई असेल तर जास्त गवंडी लावावेत, हा उपायही एका मर्यादेपर्यंतच चालतो. ओला सांधा वरच्या थरांच्या वजनाने दबतो आणि भिंत ओळंब्यातून सुटते. त्यामुळे एका दिवसात साधारण दीड मीटरपेक्षा जास्त उंची चढवत नाहीत. वरच्या उदाहरणातली भिंत दहा गवंड्यांनीही दोन दिवसांच्या आत नीट होणार नाही. शिवाय एका भिंतीवर दाटीने उभे केलेले गवंडी एकमेकांची दोरी हलवत राहतात.

उरक खाली आणणारी कारणे नकाशावर आधीच दिसतात : कोपरे, चौकटी, कमानी, वळणदार भिंती, नळांसाठी सोडायच्या खाचा. उघड्या विटेचे काम आणि त्यातल्या दरजा (सांध्यांच्या फटी) भरणे यांना वेगळा, बराच जास्त वेळ धरावा लागतो. फ्लेमिश बंधाला, म्हणजे एकाच थरात आडवी आणि डोक्याकडून दिसणारी वीट आलटून पालटून येते त्या रचनेला, विटांची जुळणी सतत सांभाळावी लागते. सगळ्या विटा लांबीने आडव्या लावायच्या साध्या स्ट्रेचर बंधात तेवढे लक्ष लागत नाही. दारे-खिडक्यांच्या जागेची वजावट हाही नेहमीचा वादाचा विषय. साहित्याच्या दृष्टीने खिडकीची जागा वजा करणे बरोबरच आहे, पण तिच्या दोन्ही बाजू ओळंब्यात उचलायला लागणारा वेळ सलग भिंतीपेक्षा जास्त असतो. म्हणून मजुरीचा दर ठरवताना वजावट करायची की नाही, हे आधी बोलून घ्यावे. माप घेताना हा विषय निघाला की भांडण ठरलेले.

मजुरी देण्याच्या पद्धतीनुसार जोखमीचा भार बदलतो. रोजंदारीत संथ कामाचा तोटा मालकाला. मापावर किंवा नगावर दर ठरला तर तो तोटा गवंड्याला, आणि मग वेग वाढवण्यासाठी उभे सांधे अर्धवट भरणे, आडवे सांधे जाड ठेवणे, विटा न भिजवता लावणे असे प्रकार सुरू होतात. उक्ते काम घेतले की माप आणि वेळ दोन्हींची चूक ठेकेदाराच्या अंगावर. त्यात देखरेख, परांचीचे भाडे, हत्यारांची झीज, विमा आणि नफा धरूनच आकडा सांगितलेला असतो. नफ्यासाठी १० ते १५ टक्के धरण्याची पद्धत रूढ आहे. पाणी मारण्याचे दिवस पुष्कळदा कोणाच्याच हिशोबात नसतात, पण त्यासाठी माणूस लागतोच.

पाठ्यपुस्तकातला उरक पहिल्या अंदाजापुरता. नंतर आपल्या जथ्याचाच आकडा काढावा : सहा दिवस दोन गवंडी हजर होते आणि माप १०.८ घनमीटर भरले, तर उरक ०.९ घनमीटर. पावसाने बंद पडलेला अर्धा दिवस आणि विटांची गाडी उशिरा आल्याचा दिवस हजेरीवहीत वेगळा लिहिलेला असेल, तरच हा आकडा पुढच्या कामाला वापरता येतो.